नाशिकहून गुहाचित्रं आणि कातळशिल्पं बघायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही नाही, जसे विचारले जातात तसे घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, यातल्या बऱ्याच जागा अजूनही कोणाच्या तरी आहेत, म्हणजे कोणाच्या जमिनीत, कोणाच्या देवाच्या हद्दीत, कोणाच्या गुरांच्या वाटेवर, त्यामुळे तिकीट काढलं म्हणजे झालं असा प्रकार नाही.

नाशिकमध्येच आहे का असं काही? पांडवलेणी चालेल का?

पांडवलेणी बघाच, पण ती वेगळी गोष्ट. ती बौद्ध लेणी आहेत, २४ लेण्यांचा गट, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातला, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांच्या आसपासचा, आणि तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या घराण्याचे आणि सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचे शिलालेख आहेत. आपण इथे बोलतोय ते त्याच्याही खूप आधीच्या माणसांबद्दल, ज्यांना लिहिता येत नव्हतं पण गेरूने खडकावर रेडा काढता येत होता. अजिंठ्याचंही तेच, चित्रं आहेत म्हणून लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात, पण अजिंठा म्हणजे गिलावा करून त्यावर रंगवलेली भिंत, राजे आणि व्यापाऱ्यांच्या पैशातून झालेलं काम.

आदिमानवाच्या खुणा मात्र नाशिकला आहेत. गंगापूर धरणाकडे गंगावाडीला गोदावरीच्या काठी दगडी हत्यारं सापडली, आणि जुन्या गढीवर, ज्याला आपण मातीची गढी म्हणतो, तिथे डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५०-५१ ला उत्खनन केलं. चित्रं नाहीत, एवढंच.

आपल्याकडे एवढे डोंगर आहेत, मग गुहाचित्रं का नाहीत?

दगडामुळे. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचा काळा बसाल्ट, त्याचे पापुद्रे सुटतात, पावसात पाझरतो, शेवाळ धरतो. समजा कोणी दहा हजार वर्षांपूर्वी ब्रह्मगिरीच्या कपारीत हरीण काढलं असेल तर तो पापुद्राच कधी गळून गेला असेल. तिकडे विंध्याकडे वालुकाश्म आहे, त्याला वारा-पाण्याने छज्जासारख्या कपारी तयार होतात, आतली भिंत कोरडी राहते आणि रंग टिकतो. कोकणात तिसराच प्रकार, जांभा दगडाचे सपाट सडे, तिथे रंगवलं नाही, जमिनीवरच कोरलं, तीच कातळशिल्पं. म्हणजे माणसं सगळीकडे होती, पण काय उरलं ते दगडाने ठरवलं.

जवळात जवळ कुठे जाता येईल?

पाटणे. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटर, पाटणादेवीच्या अलीकडे. नाशिकरोडवरून सकाळची गाडी पकडली तर चाळीसगावला उतरून एका दिवसात परत येता येतं. पण आधीच सांगतो, तिथे भिंतीवर चित्र बघायला मिळणार नाही, नाहीतर मला शिव्या घालाल. पाटण्याचं महत्त्व असं की शां. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात तिथे उत्खनन केलं आणि त्यात शहामृगाच्या अंड्याच्या टरफलाचा एक तुकडा मिळाला, त्यावर आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरलेली, वय साधारण २५,००० वर्षं. हो, शहामृग, खानदेशात! टरफलाचे मणीही मिळाले. भारतातली सगळ्यात जुनी कलाकृती कुठली असा विषय निघाला की हा तुकडा निघतोच, आणि नाशिकच्या शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना तो माहीत नाही.

आता तिथे गेल्यावर बघायचं काय, तर जागा बघायची. मागे डोंगराची अर्धगोल भिंत, खाली पाणी, जंगल, आणि मग कळतं की माणूस इथेच का राहिला. सोबत पाटणादेवीचं मंदिर आहे, भास्कराचार्यांच्या नातवाच्या काळातला शिलालेख तिथलाच, धबधबे आहेत, वर पितळखोरा लेणी. हा सगळा भाग गौताळा अभयारण्यात येतो, त्यामुळे गेटच्या वेळा बघून जा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या, बिबट्या आहे.

भीमबेटकाला कसं जायचं आणि किती दिवस काढायचे?

भीमबेटका म्हणजे मध्य प्रदेशात विंध्याच्या टेकड्यांतल्या चित्रं असलेल्या कपारी. नाशिकरोडवरून इटारसी-भोपाळकडे जाणाऱ्या भरपूर गाड्या आहेत, पंजाब मेल सगळ्यांना माहीत असलेली. रात्रभराचा प्रवास धरा. भीमबेटका भोपाळच्या साधारण ४५ किलोमीटर अलीकडे आहे, म्हणजे इटारसीकडून जाताना ट्रेनमधून उजव्या-डाव्या हाताला त्या टेकड्या दिसतातच. आणि गंमत म्हणजे ही जागा सापडली तीच ट्रेनमधून! पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर भोपाळकडे चालले होते, खिडकीतून असे खडक दिसले की यात काहीतरी असणार असं त्यांना वाटलं, १९५७ सालची गोष्ट. हे वाकणकर नीमचला जन्मलेले, उज्जैनला राहिलेले, मराठी माणूस, १९७५ ला पद्मश्री.

गाडीने जायचं तर मुंबई-आग्रा हायवेने धुळे, सेंधवा, इंदूर, मग देवास आणि भोपाळ, सहाशेच्या वर किलोमीटर होतात. एकट्या ड्रायव्हरवर एका दिवसात नका करू, इंदूरला मुक्काम टाका, सराफ्यात रात्री खा, सकाळी निघा. एकूण तीन रात्री धरल्या तर भीमबेटका, भोजपूरचं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर, भोपाळचं मानव संग्रहालय आणि नर्मदापुरमजवळची आदमगडची खडकचित्रं एवढं निवांत होतं. आदमगड लोक सोडून देतात, नका सोडू, ते रस्त्याला लागून आहे आणि तिथे गर्दी नसते.

तिथे नेमकं काय बघायचं? सगळ्या गुहा बघता येतात का?

नाही. सातशेच्या वर शैलाश्रय, म्हणजे खडकाच्या कपारी, आहेत, त्यातल्या चारशेहून जास्तमध्ये चित्रं आहेत, पण आपल्यासाठी पंधराएक उघडे आहेत आणि खरं सांगायचं तर तेवढ्यातच मान दुखायला लागते. युनेस्कोच्या यादीत २००३ ला आलं. पायवाट बांधलेली आहे, गोल फिरून परत गेटपाशी येता.

मोठ्या सभागृहासारख्या गुहेत आत शिरताना खडकावर वाटीसारखे खळगे दिसतात ते चुकवू नका, लोक वर चित्रं शोधत पुढे जातात. मग झू रॉक नावाचा खडक, एकाच भिंतीवर शेकडो प्राणी, एकावर एक काढलेले. इथे थांबा. वीस मिनिटं थांबा. पहिल्यांदा नुसता गोंधळ दिसतो, मग हळूहळू कळतं की पांढऱ्या हत्तीखाली लाल बैल आहे आणि त्याच्याही खाली पुसट काहीतरी आहे, म्हणजे नंतरच्या माणसाने आधीच्याचं पुसलं नाही, त्यावरच काढलं, आणि हे हजारो वर्षं चालू होतं. दुसरीकडे घोड्यावर बसलेले ढाल-तलवारवाले दिसतात, ती ऐतिहासिक काळातली चित्रं, शिकाऱ्यांच्या खूप नंतरची. त्यामुळे गाइड सरसकट सगळ्या भिंतीला तीस हजार वर्षं म्हणाला तर मान हलवा आणि पुढे चला. शेवटाकडे एक शिंगं असलेलं अगडबंब डुक्कर माणसाच्या मागे लागलंय, ते पोरांना दाखवा.

बाकीच्या गुहा बंद का ठेवतात? आपणच बघायचं नाही तर कोणी?

फ्रान्समधलं लास्को १९४८ ला लोकांसाठी उघडलं आणि १९६३ ला बंद करावं लागलं, कारण माणसांच्या श्वासाने आणि आत आलेल्या ओलाव्याने भिंतीवर शेवाळ धरायला लागलं. सतरा हजार वर्षं टिकलेलं पंधरा वर्षांत बिघडलं. भीमबेटका उघड्या हवेत आहे म्हणून तेवढी भीती नाही, पण जंगल आहे, वाघ आहेत, भीमबेटका ज्यात येतं ते रातापानीचं जंगल २०२४ ला व्याघ्र प्रकल्प झालंय, आणि गाइड नसताना लोक काय करतात ते आपल्या किल्ल्यांवर बघतोच की आपण, प्रत्येक बुरुजावर पिंकी आणि बदाम.

भीमबेटका की कोकण? एकच जमणार असेल तर?

लहान पोरं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर भीमबेटका, वाट सोपी आहे, सावली आहे, पाणी-टॉयलेट आहे. फक्त मोठी माणसं असाल, थोडं हुडकायची तयारी असेल तर कोकण, आणि माझं मत विचाराल तर कोकण आधी. कारण भीमबेटका कुठे जात नाही. कोकणातली कातळशिल्पं उघड्या सड्यावर आहेत, बहुतेक खासगी जमिनीत, शेजारी चिरेखाणी आहेत, आंब्याच्या बागा वाढतायत, प्लॉट पडतायत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूचं नाव तर २०२३ मध्ये रिफायनरीच्या वादामुळे रोज पेपरात होतं.

कातळशिल्पं नक्की कुठे आहेत?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, थोडी गोव्यात. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ ला नऊ जागा गेल्या, त्यातल्या सात रत्नागिरी जिल्ह्यात: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ. पण खरी संख्या याच्या कितीतरी पट आहे, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे या रत्नागिरीकरांनी सडेच्या सडे पायी पालथे घातले, गावोगाव म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारत. गावाला ती माहीतच होती, कोणी पांडवांची म्हणायचं, कोणी देवाची.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कशेळी करावं. तिथला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात आणखी प्राणी कोरलेत, मासे, पक्षी, चार पायांचे. जमिनीवर उभं राहून तो एकदम दिसतच नाही, फिरत फिरत जोडावा लागतो. कनकादित्याचं मंदिर त्याच गावात. मग बारसूचा सडा, तिथे दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे, आणि असाच दोन प्राण्यांमधला माणूस सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही आहे म्हणून त्याची खूप चर्चा होते. देवाचे गोठणेला मनुष्याकृती आहे आणि तिच्याजवळ होकायंत्राची सुई फिरते, मोबाइलचं कंपास उघडून बघा. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशनच आहे, त्यामुळे गाडी नसेल तर हा एक उपाय. काही ठिकाणी एकशिंगी गेंडा कोरलेला आहे, कोकणात आज गेंडा नाही, म्हणजे ज्याने कोरला त्याने बघितला असणार, यावर गाडीत परत येताना भरपूर वाद घालता येतो.

नाशिकहून रत्नागिरी पुण्यावरून गेलात तर पाचेकशे किलोमीटर. ट्रेनने जायचं तर ठाण्याला किंवा पनवेलला बदला.

कधी जावं?

कोकण दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सड्यावर गवत आणि पाणी, शिल्पात डबकं साचतं, काही दिसत नाही. मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही, झाड नाही एक. भीमबेटका ऑक्टोबर ते मार्च.

सड्यावर पोचलो पण काही दिसतच नाही, फसवलं का?

दुपारी बारा वाजता गेला असाल. कोरलेली रेघ काही बोटं खोल असते, ऊन डोक्यावर असलं की सावली पडत नाही आणि सगळं सपाट दिसतं. सूर्योदयानंतरचा एक तास किंवा सूर्यास्ताआधीचा एक तास, तेव्हा तिरपं ऊन येतं आणि तीच जागा बोलायला लागते. उन्हाकडे तोंड करून बघा, पाठ करून नाही.

पाणी मारलं की चित्र उठून दिसतं असं कोणीतरी सांगितलं. खरंय का?

खरंय, आणि म्हणूनच करू नका. पाण्याने रंग दोन मिनिटं गडद दिसतो, पण ते पाणी खडकातले क्षार सोबत घेऊन पृष्ठभागावर येतं, वाळलं की पांढरा थर मागे राहतो, आणि असं शंभर लोकांनी केलं की चित्र त्या थराखाली जातं. कातळशिल्पात खडू किंवा रांगोळी भरून फोटो काढतात, तेही तसंच, जांभा सच्छिद्र आहे, भरलेलं निघत नाही, आणि घासून काढायला गेलं की कडा झिजते. रेघांवर बूट घालून उभं राहणं तर नकोच, काढूनही नको, बाजूने फिरा.

हात लावणं पण बंद. आपल्या घामाचं तेल लागतं, आणि खडकावर तयार झालेला बारीक थर कधीकधी वय काढायला वापरतात, तो खराब होतो.

वय काढतात कसं?

रंगात कोळसा असला तर कार्बनवरून. चित्रावर चुन्यासारखा थर चढला असेल तर युरेनियम-थोरियम पद्धतीने, म्हणजे थराचं वय मिळतं आणि चित्र त्याहून जुनं असणार एवढं कळतं. गेरूत कार्बनच नसतो, तो लोहाचा ऑक्साइड. मग कशावर काय काढलंय, कुठले प्राणी आहेत, शेजारी कुठली हत्यारं मिळाली यावरून अंदाज बांधतात. कातळशिल्पांना तर रंगही नाही आणि थरही नाही, म्हणून त्यांच्या वयावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, दहा-बारा हजार वर्षं हा आकडा ऐकाल तो अंदाज म्हणूनच ऐका.

परग्रहवासीयांनी काढलीत का?

नाही.

वारली चित्रं म्हणजे याच चित्रांची पुढची पिढी ना?

दिसायला तसं वाटतं, त्रिकोणी अंग, काटक्यांचे हातपाय, गोल नाच, भीमबेटकालाही नाचणाऱ्यांच्या रांगा आहेत. पण मधल्या हजारो वर्षांची साखळी कोणी जोडून दाखवलेली नाही. वारली ही आजची जिवंत कला आहे, गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, मुळात लग्नाचा चौक, आणि तो सवाष्ण बायका काढायच्या. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर नेली, २०११ ला पद्मश्री मिळाली. तिला आदिमानवाची कला म्हणणं मला पटत नाही, समोर बसून चित्र काढणारी बाई आपल्याच काळात जगतेय, तिच्याकडे मोबाइल आहे. घ्यायचं असेल तर काढणाऱ्याकडून घ्या, कॉलेज रोडच्या दुकानातला प्रिंट केलेला टी-शर्ट म्हणजे वारली नाही.

पेठ-सुरगाण्याकडे दगडावर वाघ, चंद्र-सूर्य कोरलेले दिसतात ते पण यातच धरायचे का?

ते वाघदेव. दगडाचे असतात, लाकडाचेही असतात, शिवेवर, रानात, झाडाखाली. कोकणा, वारली, महादेव कोळी लोक वाघबारसीला पूजा करतात, गुरांवर वाघाची नजर नको म्हणून. हे पुरातन अवशेष नाहीत, चालू देव आहेत. शेंदूर ओला असतो बऱ्याचदा. लांबून बघा, चपला काढा, फोटो काढायचा तर तिथल्या माणसाला विचारा आणि नाही म्हणाला तर हसून सोडून द्या. उचलून घरी आणणं, दिवाणखान्यात ठेवायला, असे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

तसंच मार्गशीर्षात कळवण, बागलाण, सुरगाणा भागात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, माऊल्या, म्हणजे व्रत धरलेले भक्त, रात्री डोंगरातल्या गडावर, कपारीपाशी जातात, त्यांचे कडक नेम असतात. त्या दिवसांत ट्रेक म्हणून त्याच कपारीत टेंट टाकू नका.

परवानगी कोणाची घ्यायची? गाइड करावा का?

भीमबेटकाला गेटवर तिकीट. कोकणात बहुतेक ठिकाणी गेटच नाही, म्हणून गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय सड्यावर शिरायचं नाही. "काका, कातळशिल्पं बघायची होती, कोणी दाखवेल का?" एवढं विचारलं तरी कोणीतरी पोरगा सोबत येतो. त्याला पैसे द्या, किती ते निघायच्या आधी बोला, आणि घासाघीस करू नका, नाशिकला मिसळीवर चार जण हजार रुपये उडवतो आपण. गावाला यातून दोन पैसे मिळाले तर चिरेखाणीवाल्याला नाही म्हणायला गावाकडे काहीतरी कारण असतं, माझ्या मते शिल्पं वाचायची असतील तर याच मार्गाने.

फोटो आणि रील?

फोटो काढा. फ्लॅश नको, त्याने फोटोही सपाट येतो. रंग पुसट असेल तर घरी आल्यावर डी-स्ट्रेच नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा, अभ्यासक तेच वापरतात, डोळ्याला न दिसणारा लाल रंग असा काही वर येतो की चित्राला हात लावायची गरजच उरत नाही. रीलमध्ये माहीत असलेल्या जागांचं लोकेशन टाका, हरकत नाही, पण राखण नसलेल्या जागेचं टाकू नका.

ट्रेकला आम्हालाच नवीन काही सापडलं तर?

पुसू नका, खरवडू नका, काही उचलू नका. लांबून एक आणि जवळून एक फोटो, बाजूला मापासाठी पेन ठेवून, चित्राला न टेकवता. मग ग्रामपंचायतीला आणि राज्य पुरातत्व विभागाला कळवा, नाशिकला त्यांचं ऑफिस सराफ बाजाराजवळ सरकारवाड्यात आहे. अमरावतीच्या वरच्या अंगाला सातपुड्यात धारूळ गावाजवळ अंबादेवीच्या कपारींतली चित्रं २००७ मध्ये अशाच भटक्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपला, डॉ. विजय इंगोले आणि मित्रांना, सापडली होती. त्यामुळे अशक्य काही नाही.

नाव कोरलं तर खरंच पकडतात का?

संरक्षित स्मारक असेल तर केंद्राच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, तिकडे जाणारोत. तिथलं काही?

मग काकडू नॅशनल पार्कात उबिरची खडकचित्रं बघा, एक्स-रेसारखी हाडं दाखवलेले मासे आहेत. पण तिथे नियम जास्त स्पष्ट आहेत, जमीन मूळ रहिवाशांची आहे आणि काही जागा, काही गोष्टी बाहेरच्यांसाठी नाहीतच. उलुरूला, म्हणजे वाळवंटातल्या त्या प्रचंड लाल खडकाला, खाली फिरताना काही भागांत फोटो काढू नका असे बोर्ड आहेत, ते पाळा. वर चढणं तर २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदच आहे.

सोबत काय न्यायचं?

पाणी, माणशी दोन लिटर तरी. टोपी. चांगली पकड असलेले बूट. दुर्बीण असेल तर न्याच, उंचावरची चित्रं त्याने मस्त दिसतात. पोळी-भाजी, कारण पाटण्याला आणि सड्यावर हॉटेल नाही. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, सिगारेट पेटवू नका, कपारीत आग्या मोहोळ असतं आणि ते उठलं तर पळायला जागा नसते.

ड्रोन चालेल का? कशेळीचा हत्ती वरूनच नीट दिसतो म्हणतात.

वरून नीट दिसतो हे खरं. पण परवानगीशिवाय नाही, आणि भीमबेटकाला तर जंगल आहे, विचारूच नका. कशेळीला गावात आधी बोलून ठेवा, जमीनमालक हो म्हणाला आणि ड्रोनचे सरकारी नियम पाळले तर सकाळी लवकर उडवा, वारा दहानंतर वाढतो.